नेरूळ ते नेरळ

माथेरानात मोटारी नेता येत नाहीत, म्हणून आम्ही मोटारीने माथेरानला निघालो. दस्तुरी नाक्यावर गाडी उभी करायची आणि पुढे पायी, ही तिथली रीत. आमच्या गाडीने ती रीत चौकलाच पाळली.

गाडी इलेक्ट्रिक, जुनी, आणि मी निवृत्तीनंतर घेतलेली. नोकरी बँकेत, काम लेखापरीक्षणाचं. 2025 च्या ऑगस्टात अटल सेतूवर इलेक्ट्रिक मोटारींना टोल माफ झाला आणि एका वेळचे 250 रुपये वाचणार या कल्पनेने माझी झोप उडाली. “तुम्हाला शिवडीला काय काम असतं?” असं हिने विचारलं. काहीच नसतं. पण बचत करायला काम कशाला लागतं?

आधीचे मालक वाशीचे. त्यांनी गाडी फार जपली होती. रोज रात्री शंभर टक्के चार्ज, आणि मग दिवसभर सोसायटीच्या आवारात, भर उन्हात. लिथियमच्या बॅटरीला नेमकं हेच सोसत नाही. तट्ट भरून ठेवलेलं सोसत नाही आणि ऊन तर मुळीच नाही. आत ऋण टोकावर एक पातळ थर धरतो, तो वर्षागणिक जाड होतो, आणि ज्या लिथियमने या टोकाहून त्या टोकाला ये-जा करायची ते त्या थरात अडकून बसतं. बँकेत याला आम्ही बुडीत कर्ज म्हणायचो. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात निसान लीफच्या मालकांनी 2012 साली हीच बोंब मारली होती. त्यांच्या पडद्यावर बॅटरीच्या ताकदीच्या बारा रेघा, आणि गाडी जुनी व्हायच्या आतच त्यातल्या रेघा गळायला लागल्या. त्या गाडीत बॅटरी थंड ठेवायला पाणी फिरवायची सोय नव्हती. वाशीच्या गृहस्थांनी मला हे सांगितलं नाही. त्यांनी मला चहा दिला.

नाशिकहून मेहुणा आला होता. त्याची डिझेलची गाडी आमच्या इमारतीखाली उभी होती. या प्रवासातलं सर्वांत देखणं दृश्य तेच.

निघताना पडद्यावर आकडा होता 84 किलोमीटर. आमचं नेरूळ ते घाटाच्या पायथ्याचं नेरळ साधारण 65. म्हणजे शिल्लक 19.

“आणि घाट?” हिने विचारलं.

“नेरळला चार्ज करू.”

“नेरळला कुठे?”

“अगं, नेरळला.”

पाम बीच रस्त्याला उजव्या हाताला खाडी, खाडीत फ्लेमिंगो. दिसले असतील. मी आकडा बघत होतो. बेलापूर येईपर्यंत आम्ही जितके किलोमीटर कापले त्याहून जास्त त्यातून वजा झाले होते, म्हणून एसी बंद केला. आकडा सहाने वाढला. ही आनंदाची बातमी मी मेहुण्याला दिली. तो रुमालाने मान पुसत म्हणाला, “दाजी, मी उतरून ढकलायला लागलो तर अजून किती वाढेल?”

पनवेल गेलं, शेडुंग गेलं. बॅटरी 31 टक्के. पुढे एक साधा चढ आला, ज्याला या भागात कोणी चढ म्हणत नाही, आणि तो संपायच्या आत पडद्यावर 31 चे 12 झाले. मधले आकडे मला दिसलेच नाहीत. तीस वर्षांच्या नोकरीत एवढी मोठी अफरातफर इतक्या उघडपणे झालेली मी पाहिली नव्हती.

हे का होतं ते मला नंतर कळलं. पडद्यावरचा आकडा मोजलेला नसतो, अंदाजलेला असतो. बॅटरीतल्या पेशी एकामागे एक जोडलेल्या. त्यातली सर्वांत अशक्त पेशी तळाला गेली की बाकीच्यांत कितीही शिल्लक असो, खातं गोठवलं जातं. चढावर जोर लागतो, अशक्त पेशीचा दाब कोसळतो आणि गाडीला एकदम खरं बोलावं लागतं.

मग गाडीने स्वतःहून वेग कमी केला. मागे ट्रक, ट्रकमागे एसटी, सगळ्यांचे हॉर्न. ट्रॅक्टरने आम्हाला मागे टाकलं, आणि त्यावर बसलेल्या पोराने हात हलवून निरोपही घेतला. हिने त्याला परत हात केला. याचा मला फार राग आला.

चौकच्या अलीकडे पत्र्याच्या छपराचं एक हॉटेल लागलं. गल्ल्यावर एक मावशी.

“मावशी, पंधरा अँपिअरचा प्लग आहे का?”

“आहे. त्याला फ्रिज लावलाय.”

दुसऱ्या प्लगवर आधी प्रयत्न झाला. चटणीचा मिक्सर चालू होता, खटका पडला, सगळं हॉटेल अंधारात. मावशींनी एक अक्षर न बोलता खटका वर केला, मोठ्या फ्रिजची पिन उपटली आणि आमची वायर लावली. म्हटलं, आत काय आहे?

“कुल्फी.”

“वितळेल की!”

“मग खा.”

आम्ही खाल्ली. मेहुण्याने पाच खाल्ल्या. तोवर मावशींनी मीटरचा आकडा भिंतीवरच्या कालनिर्णयच्या पानावर, आजच्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवला होता. मला गहिवरून आलं.

अशा प्लगवर तासाला दोन-सव्वादोन युनिटं भरतात, एका युनिटात आठेक किलोमीटर होतात. बिलाच्या पाठीवर मी घाटाचाही हिशेब मांडला. गाडी आणि आत आम्ही तिघं मिळून तेराशे किलो धरा, नेरळहून वर सातशे मीटर. नुसतं उचलायलाच अडीच युनिटं. त्यातली थोडी उतरताना ब्रेकमधून परत जमा होतात, पण आधी वर तर पोचायला हवं. माथेरान रद्द झालं.

“आमच्या साहेबांच्या गाडीत दोन्ही आहे,” मेहुणा म्हणाला, “प्लग पण आणि पेट्रोल पण.” मला अशा गाड्यांविषयी सांगू नये. 2010 च्या अखेरीस अमेरिकेत आलेल्या शेवरोले व्होल्टमध्ये 16 युनिटांची बॅटरी होती आणि इंजिनिअरांनी त्यातली दहाच्या आसपासच वापरायला मोकळी ठेवली होती. बाकी गंगाजळी. हे मला पटतं. पण एरवी अशा गाड्यांची बॅटरी लहान, म्हणून ती रोज जवळजवळ रिकामी होते, रोज भरते, आणि म्हणून लवकर थकू शकते. थकली तरी मालकाला रस्त्यात उतरावं लागत नाही. विजेवरचे किलोमीटर मुकाट घटतात, पेट्रोलचं बिल मुकाट वाढतं. मी त्याला हातचलाखी म्हणतो. आमच्या गाडीने निदान चारचौघांत दिवाळं काढलं.

समोर इर्शाळगडाचा सुळका होता. मेहुण्याने विचारलं, हा कुठला गड? मावशींनी नाव सांगितलं आणि भांडी विसळत राहिल्या. 19 जुलै 2023 च्या रात्री त्या गडाखालची इर्शाळवाडी दरडीत गेली. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं मिळालीच नाहीत. वाचलेल्यांना नंतर चौकजवळ सिडकोने घरं बांधून दिली. नेरूळचं माझं घरही सिडकोचंच. मावशी म्हणाल्या, “पाऊस थांबत नव्हता. वर जाणाऱ्या पोरांना रातभर चहा केला. त्याचा काय हिशेब न्हाई ठेवला.” मेहुणा बराच वेळ काही बोलला नाही.

ऊन उतरल्यावर निघालो. मावशींनी मीटर पुन्हा वाचला, कालनिर्णयवर वजाबाकी केली आणि तेवढ्याच युनिटांचे पैसे सांगितले, वर कुल्फीचे. मी शंभराची जादा नोट पुढे केली. त्यांनी ती परत सरकवली.

“ही हिशेबात कुठं दाखवू, काका?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नोकरीत हाच प्रश्न विचारून मी भल्याभल्या शाखाधिकाऱ्यांना घाम फोडला होता.

परतीचा रस्ता बराचसा उताराचा, एसी बंद, आणि मेहुण्याला डिझेल हा शब्द उच्चारायला मनाई. नेरूळला पोचलो. टोल वाचला नाही, कारण त्या रस्त्याने अटल सेतू लागत नाही.

तुम्ही जुनी इलेक्ट्रिक गाडी घेणार असाल तर पडद्यावरच्या किलोमीटरवर जाऊ नका आणि मालकाच्या चहावर तर नकोच. बॅटरीची किती टक्के ताकद उरली आहे, त्यातल्या पेशी एकमेकींशी जुळून आहेत का, याची तपासणी करून घ्या आणि ती कागदावर मागा. मग गाडी एका लांब चढावर न्या, माणसं भरून, एसी लावून. आकडा पायरी पायरीने उतरला तर भावाचं बोला. उडी मारली तर एसटीने घरी या.