स्थळं बघणं चालू आहे

भुसावळचे आमचे नाना रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले, त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून ते राहायला जाण्यासाठी थंड गावांची स्थळं बघताहेत. मे महिन्यात इथे पारा 45 अंशांना टेकतो. टाकीच्या पाण्यात नुसती पत्ती टाकली तरी चहा होईल, असं काकू म्हणतात.

नानांचं सगळं शास्त्र स्टेशनांच्या पिवळ्या पाट्यांवर उभं आहे. पाटीच्या कोपऱ्यात समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. आपण कुणी ती वाचत नाही. नानांनी नोकरीभर तीच वाचली. (मधूनमधून सिग्नलही बघत असावेत.) हजार मीटर चढलं की साडेसहा अंश उतरतात, हा हिशोब तोंडपाठ. पाचगणीला स्टेशनच नाही, तेव्हा त्या गावावर त्यांचा मुळातच विश्वास नाही.

दुसरा नियम असा, की गाव बघायचं ते त्याच्या वाईटातल्या वाईट महिन्यात. नटूनथटून बसलेलं स्थळ काय कुणालाही आवडतं! म्हणून महाबळेश्वर जुलैत. तिसऱ्या दिवशी काकूंच्या पिशवीतल्या पातळावर बुरशी. पुणं एप्रिलमध्ये. "पेन्शनरांचं गाव म्हणे! इथे पेन्शन वितळेल." निफाड ऐन जानेवारीत. तिथे थंडीपासून द्राक्षं वाचवायला बागेत शेकोट्या पेटवतात. नानांनी रात्री घडांच्या शेजारी झोपू द्याल का, असं बागवाल्याला विचारलं.

बेळगाव मात्र जवळजवळ ठरलं होतं. साडेसातशे मीटर उंची, कुंदा, शेजारी मराठी. काकू मनातल्या मनात पडदेसुद्धा लावून मोकळ्या झाल्या. पण ऑगस्टात आठ दिवस सूर्य दिसला नाही. "हवा चांगली आहे हो, पण रडकी," नाना म्हणाले. नकार कळवला.

गेल्या डिसेंबरात उलटंच झालं. कोकणातले एक निवृत्त मास्तर नानांचं घर बघायला आले. अंगणात उभं राहून त्यांनी छातीभर श्वास घेतला. "काय खुटखुटीत हवा! आमच्याकडे पापडसुद्धा वाळत नाही. गुडघे इथेच बरे होतील माझे." किंमतही कबूल केली. काकू पेढे आणायला उठल्या.

नाना क्षणभर गप्प बसले. मग नियमाला जागून म्हणाले, "घाई करू नका मास्तर. एकदा मे महिन्यात येऊन बघा."