सांडण्याचं शास्त्र

विज्ञानाने माणसाला काय दिलं, यावर शाळेत निबंध यायचा. वीज, विमान, देवीची लस अशी यादी द्यायची, अणुबॉम्बवर दोन ओळी हळहळायचं आणि ‘शाप की वरदान’चा निकाल वरदानाच्या बाजूने लावून दहापैकी सात मार्क घ्यायचे. विज्ञानाची सगळ्यात घरगुती देणगी मात्र त्या यादीत कुणीच लिहायचं नाही. ती म्हणजे सबब.

पूर्वी दूध उतू गेलं की गुन्हेगार लागायचा. बहुधा तो सून असे. ती माहेरी गेलेली असली तर मोलकरीण, तीही आली नसली तर मांजर. आता गुन्हेगार लागत नाही, कारण लागतं. आमच्याकडे कारणांचं खातं आमच्या ह्यांच्याकडे आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते शास्त्रज्ञ आहेत. परवा आंघोळीला जाताना ‘दुधाकडे बघा’ एवढंच सांगून मी गेले. त्यांनी बघितलं. दूध वर आलं तेही बघितलं, ओट्यावरून ओघळून ट्रॉलीच्या फटीत शिरलं तेही बघितलं. मी बाहेर आले तर म्हणतात, “अगं, तापताना प्रथिनं आणि स्निग्धांश मिळून वर साय धरते. खालून वाफ येते, तिला वाट मिळत नाही, मग ती सायीलाच डोक्यावर घेऊन वर येते. पाण्याचं तसं होत नाही, कारण...” पाण्याचं तसं होत नाही हे मलाही ठाऊक आहे. पाण्याकडे बघायला मी सांगितलंच नव्हतं. बर्नरच्या भोकांतलं जळकं दूध टाचणीने कोरून काढताना माणसाला स्निग्धांशात फारसा रस उरत नाही.

ह्यांना हा नाद लागला तो इग नोबेलमुळे. आधी हसू यावं आणि मग विचार करायला लागावं, अशा संशोधनाला अमेरिकेत 1991 मध्ये सुरू झालेला हा पुरस्कार देतात. मार्क अब्राहम्स नावाच्या गृहस्थांचा उद्योग. बक्षीस म्हणून अनेक वर्षं दहा लाख कोटी झिम्बाब्वे डॉलरची एक नोट मिळायची. बाजारात तिला कुणी कोथिंबिरीची जुडीही देणार नाही. पण आमच्या ह्यांच्या दृष्टीने ही संस्था म्हणजे सबबींची रिझर्व्ह बँक.

चहाचंच घ्या. सांडशीत पातेलं धरून गाळण्यात चहा ओतायला लागलं की अर्धी धार कपात जाते आणि उरलेली पातेल्याच्या पोटावरून सरपटत, बुडाला वळसा घालून ओट्यावर. किटलीचंही तेच. मार्कुस रायनर या इस्रायली शास्त्रज्ञाने 1956 मध्ये या प्रकाराला ‘टीपॉट इफेक्ट’ असं नाव देऊन टाकलं. नाव मिळालं की त्रासाला प्रतिष्ठा येते. दुसऱ्याच वर्षी जोसेफ केलर या अमेरिकन गणितज्ञाने त्याचं कारण दिलं. चहा किटलीच्या तोंडाला चिकटतो असा सगळ्यांचा समज होता. केलर म्हणाले, चिकटत नाही, बाहेरची हवा त्याला ढकलते. धार कडेवरून वळताना तिथे दाब कमी होतो आणि वातावरण तिला भांड्याकडे दाबून धरतं. 1999 मध्ये त्यांना आणि जाँ-मार्क व्हान्डेन-ब्रोक यांना मिळून इग नोबेल मिळालं. आमच्याकडे ही बातमी पोचायला वीसेक वर्षं लागली, पण पोचली ती नेमकी मी नवा टेबलक्लॉथ घातला त्याच दिवशी. “वातावरणाचा दाब आहे,” हे म्हणाले. आता वातावरणाला कोण काय बोलणार!

एवढ्यावर हे प्रकरण मिटलं असेल असं तुम्हाला वाटेल. छे. 2021 मध्ये व्हिएन्नाच्या तंत्र विद्यापीठातल्या मंडळींनी त्यावर पुन्हा गणित मांडलं. त्यांच्या मते भांड्याच्या कडेखाली एक थेंब दबा धरून बसलेला असतो. ओतण्याचा वेग कमी झाला की तो धारेला आपल्याकडे वळवून घेतो. म्हणजे भीत भीत ओतलं की सांडणार, धीटपणे ओतलं की नाही. हे वाचल्यावर ह्यांनी धीटपणे ओतलं. एक थेंबही पातेल्यावरून ओघळला नाही. कप, बशी, त्या दिवशीचा पेपर आणि शब्दकोड्याची पेन्सिल, सगळं भिजलं, पण पातेलं बाहेरून कोरडं ठक्क. ह्यांनी ते मला उलटंपालटं करून दाखवलं.

माझ्या सासूबाई पातेल्याच्या कडेला आतून-बाहेरून तुपाचं बोट फिरवायच्या. दूध वर आलं तरी तुपाशी येऊन मवाळ व्हायचं आणि ओततानाही ओघळायचं नाही. ल्योंमधल्या भौतिकशास्त्रज्ञांनी 2010 मध्ये शोधनिबंध छापला, की भांड्याची कड पाण्याला धरून न ठेवणारी असेल तर धार तिला चिकटून वळत नाही. त्यासाठी त्यांनी कडेला खास थर दिले होते. सासूबाईंचा थर वरणभाताच्या वाटीतून यायचा. त्यांना शोधनिबंध लिहायचा नव्हता, ओटा पुन्हा पुसायचा नव्हता.

माझ्या मते सगळी मेख इथेच आहे, पण ह्यांना ते सांगून उपयोग नाही, कारण तोवर ते मस्का-ब्रेडकडे वळलेले असतात.

मस्का लावलेला ब्रेड टेबलावरून पडला की मस्क्याच्या बाजूनेच का पडतो? बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन विद्यापीठातल्या रॉबर्ट मॅथ्यूज यांनी 1995 मध्ये याचा छडा लावला आणि 1996 मध्ये इग नोबेल घेतलं. मस्क्याच्या वजनाचा त्यात काही संबंध नाही. टेबलाच्या कडेवरून घसरताना तुकड्याला गिरकी मिळते, आणि नेहमीच्या उंचीच्या टेबलावरून जमिनीपर्यंत पोचेतो ती गिरकी अर्धीच होते. वरची बाजू खाली. पूर्ण गिरकी व्हायला टेबल साधारण 3 मीटर उंच हवं. मग टेबल तेवढं का नाही? कारण आपण तेवढे उंच नाही. आपण तेवढे उंच का नाही? कारण दोन पायांवर चालणारा एवढा उंच प्राणी ठेच लागून पडला तर त्याच्या डोक्याचा नारळ होईल. हाडं याहून मजबूत का नाहीत? कारण अणूंमधले बंधच तेवढे. ते तेवढेच का? कारण विश्वाचे मूलभूत स्थिरांक जन्मापासून तसे ठरले आहेत. म्हणजे विश्व जन्माला आलं त्या क्षणीच आमच्या दिवाणखान्यातल्या सतरंजीवर मस्क्याचा डाग पडायचा हे नक्की झालं होतं.

मला मॅथ्यूजसाहेबांचं मनापासून कौतुक वाटतं. ब्रेडच्या तुकड्यापासून निघून विश्वारंभापर्यंत पोचायला कल्पनाशक्तीच लागते, आणि वाटेतली प्रत्येक पायरी आकडेमोडीने तपासायची म्हणजे चिकाटीही. माझी तक्रार एवढीच, की विश्वारंभापर्यंत जाऊन आलेला आमच्या घरातला माणूस सतरंजीपर्यंत वाकत नाही.

बरं, ही मस्क्याची कथा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेली आणि तासाभरात उत्तर आलं: म्हणूनच आपले पूर्वज पाटावर बसून जेवायचे! ताट जमिनीवर, पडणार काय आणि गिरकी घेणार काय! पूर्वजांना सगळं ठाऊक होतं. खाली नमस्काराचे सत्तावीस हात. मग गाडी नेहमीच्या रुळावरून विमानापर्यंत गेली. 2015 च्या जानेवारीत मुंबईला भरलेल्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर भाषणच झालं होतं, त्यामुळे आमच्या ग्रुपला नावं ठेवण्यात अर्थ नाही. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 1974 मध्येच या विमानविद्येचा आधार मानला जाणारा ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ तपासला होता. ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली शकुन, सुंदर, रुक्म, त्रिपुर ही चारही विमानं उडणं शक्य नाही, असा त्यांचा निर्वाळा. पण माझी शंका निराळी आहे. क्षणभर धरून चालू, की उडत होती. मग ज्यांना एवढं विमान सुचलं, त्यांना दूध उतू न जाणारं पातेलं कसं सुचलं नाही? ही शंका मी ग्रुपवर टाकली. कुणी उत्तर दिलं नाही. दोघींनी अंगठे दिले. दोघीही विमानविद्येबद्दल लिहिणाऱ्यांच्या बायका.

कल्पनाशक्ती ओट्यापाशी का अडखळते, याचं कारण मला तरी साधं दिसतं: कल्पना लढवणारा तिथे उभाच नसतो. उभा राहिला की सुचतं. ड्रेस्डेनमधल्या मेलिटा बेन्ट्झ या गृहिणीला कॉफीतल्या गाळाचा वैताग आला होता. गाळ खाली का बसतो यावर तिने निबंध लिहिला नाही. पितळेच्या भांड्याला खिळ्याने भोकं पाडली, मुलाच्या वहीतला टीपकागद फाडून आत घातला आणि 1908 मध्ये कॉफी फिल्टरचं पेटंट घेतलं. (वहीबद्दल त्या मुलाला शाळेत काय ऐकावं लागलं असेल!) अमेरिकेतल्या जोसेफीन कॉक्रेनबाईंच्या किमती कपबशांचे टवके नोकरांकडून विसळताना उडायचे, बाईंनी भांडी घासायचं यंत्रच बनवलं, पेटंट 1886 चं. अलाबामाच्या मेरी अँडरसन न्यूयॉर्कला गेल्या असताना ट्रामचा ड्रायव्हर बर्फाळ पावसात काचेबाहेर बघायला धडपडताना त्यांना दिसला. 1903 मध्ये त्यांच्या नावावर वायपरचं पेटंट झालं. एका कंपनीने यात व्यापारी किंमत नाही म्हणून त्यांना वाटेला लावलं. मला त्या कंपनीच्या बैठकीतली माणसं डोळ्यांपुढे दिसतात. गाडी ड्रायव्हर चालवणार, काच ड्रायव्हर पुसणार, साहेब मागे.

बाहेरच्या जगातही सबबींचा पुरवठा मुबलक आहे. माझा भाचा कुठेही उशिरा पोचला की न्यूएल आणि पॉट्स यांचं नाव घेतो. या दोघांनी 1964 मध्ये दाखवलं होतं, की एक बस जरा उशिरा निघाली की तिला थांब्यावर जास्त माणसं भेटतात, म्हणून ती आणखी उशिरा होते. मागच्या बसला माणसंच उरत नाहीत, ती सुसाट येते आणि दोघी शेवटी जोडीने पोचतात. अर्धा तास शून्य बस आणि मग एकदम दोन, हा आमच्या स्टॉपचा रोजचा देखावा. भाच्याला बस मिळत नाही हे खरं. पण तो बसने जातच नाही, त्याच्याकडे स्कूटर आहे. स्कूटरसाठी त्याच्याकडे कॅनडाचे संशोधक आहेत. शेजारची रांग आपल्यापेक्षा पुढे जाते असं वाटणं हा बऱ्याचदा भास असतो, असं रेडेलमायर आणि टिबशिरानी यांनी 1999 मध्ये लिहिलं. दोन्ही रांगांचा सरासरी वेग सारखा असला, तरी आपण कुणाला मागे टाकतो ते झर्रकन होतं आणि कुणी आपल्याला मागे टाकतं ते बराच वेळ बघत बसावं लागतं. पण त्यासाठी रस्त्यावर लेन असावी लागते, आणि आपल्याकडे ती पांढरी पट्टी रस्ता सुशोभित करण्यासाठी असते.

सबबींच्या बाबतीत आपला देश मागे आहे असं मात्र कुणी म्हणू नये. बेंगळुरूच्या निम्हान्समधल्या दोघा तज्ज्ञांना 2001 मध्ये किशोरवयीन मुलांच्या नाक कोरण्याच्या अभ्यासासाठी इग नोबेल मिळालं. 2025 मध्ये विकाश कुमार आणि सार्थक मित्तल यांना मिळालं ते घाणेरडा वास येणाऱ्या बुटांमुळे शू-रॅकच्या सुखाला बाधा कशी येते, या अभ्यासासाठी. या दोघांबद्दल मला आदर आहे. वासाची मीमांसा करून ते थांबले नाहीत, अतिनील किरणांनी जंतू मारणारा रॅक त्यांनी सुचवला. माझ्या घरात या संशोधनाचा निष्कर्ष असा काढण्यात आला, की दोष बुटांचा नसून रॅकचा आहे. जोडीला हॉलंडच्या बार्ट क्नॉल्स यांचं 2006 चं इग नोबेल: मलेरियाच्या डासांना लिम्बुर्गर चीजचा आणि माणसाच्या पायांचा वास सारखाच आवडतो. म्हणजे डास पायांकडे जातात, पाय ह्यांचे, आणि हे सोफ्यावर बसलेले असताना बाकीच्यांना डास चावत नाहीत. हा समाजसेवेचा मुद्दा त्यांनी जेवताना मांडला. मोजे धुवायला टाकण्याचा माझा प्रस्ताव त्यामुळे बारगळला.

सध्या मात्र ते अडचणीत आहेत. आंघोळीनंतर ओला टॉवेल गादीवरच का टाकला जातो, याला त्यांना शास्त्रीय आधार मिळत नाहीये. दोरी गॅलरीत आहे, गॅलरी चार पावलांवर आहे, दार उघडं असतं, म्हणजे दाब, वेग, उंची यातलं काहीच कामाला येत नाही. गुरुत्वाकर्षण त्यांनी लावून पाहिलं. पण टॉवेल खुंटीवरून गादीवर पडला असं म्हणावं, तर खुंटी पलीकडच्या भिंतीवर. बाष्पीभवनामुळे गादी थंड राहते असा एक विचार मेमध्ये पुढे आला होता. त्या रात्री मी त्यांना गादीच्या त्याच भागावर झोपवलं, तेव्हा तो मागे घेण्यात आला. महाराष्ट्रातले निम्मे पुरुष या शोधाची वाट बघत असणार, तेव्हा कुणा तरुण संशोधकाने मनावर घ्यावं. तोवर टॉवेल जिथे आहे तिथेच राहणार, असं ह्यांनी आज सकाळी जाहीर केलं आहे. नमुना हलवला तर म्हणे निरीक्षण बिघडतं.