नकाराचा सांधा

रात्री अडीचच्या सुमारास माझं डोकं मला उठवतं. आधी मानेच्या खळगीत कुणी अंगठा दाबून धरल्यासारखं वाटतं. मग ती कळ कानामागून वर चढते आणि उजव्या डोळ्याच्या मागे ठाण मांडते. डावी बाजू शेजारच्या बिऱ्हाडासारखी गाढ झोपलेली असते.

अशा वेळी आवाज न करता अमृतांजनची बाटली शोधायची, ही एक कला आहे. १८९३ साली मुंबईत जन्मलेला हा बाम आमच्याकडे तीन पिढ्या नांदतोय. बाटली सापडते, पण झाकण उघडताच वास चुगली करतो. "अहो, परत उशी दुमडून घेतलीत ना?" हिचा अंधारातून प्रश्न.

उशा तर काय, तीन झाल्या. सावरीच्या कापसाची पहिली, तिच्यात डोकं बुडायचं. फोमची दुसरी, मधे खळगा असलेली. त्या खळग्यात डोकं कधीच सापडलं नाही. तिसरी म्हणजे टॉवेलची गुंडाळी. ती पहाटेपर्यंत पायाशी जाते, कशी ते तिलाच ठाऊक.

चष्म्याचा नंबर तपासून झाला, बीपी मोजून झालं, पित्त म्हणून सुंठही उगाळून लावली. शेवटी डॉक्टरांनी फिजिओथेरपीला धाडलं. तिथली मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. म्हणाली, "काका, दुखतंय डोकं, पण दुखणं मानेचं आहे."

मानेच्या वरच्या तीन मणक्यांपाशी निघणाऱ्या नसा आणि चेहऱ्याची नस, यांचे निरोप मेंदूच्या बुंध्याशी एकाच ठिकाणी पोचतात म्हणे. पूर्वी आमच्या चाळीत एकाच घरी फोन असायचा आणि जोशांचा निरोप हमखास पाटलांकडे जायचा, तसलाच प्रकार. हाक मारते मान आणि 'ओ' देतो डोळा. या दुखण्याला 'सर्व्हायकोजेनिक हेडेक' हे नाव १९८३ साली नॉर्वेतल्या डॉक्टरांनी दिलं. म्हणजे नाव माझ्या थोरल्याच्या वयाचं. दुखणं मात्र मान आहे तेव्हापासूनचं असणार.

मग तिने मला उताणं निजवलं, हनुवटी छातीकडे वाकवली आणि डोकं हलकेच वळवलं. असं केलं की खालचे सांधे जखडून राहतात आणि वळायचं काम वरच्या दोन मणक्यांवर येतं. डावीकडे डोकं छान वळलं. उजवीकडे निम्म्यातच अडलं, गंजलेल्या कडीसारखं.

"कवटी आणि पहिला मणका यांच्या सांध्यातून आपण 'हो' म्हणतो," ती म्हणाली, "आणि पहिल्या-दुसऱ्या मणक्यामधून 'नाही'. तुमचा 'नाही'चा सांधा धरलाय."

कोपऱ्यात बसलेली ही एवढ्या मोठ्याने हसली, की पलीकडच्या पडद्यामागचा पेशंटही हसला.

निदान चुकलं असं म्हणायला तोंड नव्हतं. एकतीस वर्षं साहेबांपुढे मान डोलावली. नऊ वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी आहे, कारण दर वेळी सगळे माझ्याकडे बघतात. नात्यातल्या लग्नात आहेराची वही हमखास माझ्या हाती येते. उरलेला वेळ लोकलमध्ये मोबाइलवर मान मोडून. डोकं जवळजवळ पाच किलोचं, म्हणजे दळणाचा भरलेला डबाच. तो बिचाऱ्या मानेने दिवसभर पुढे लटकवून धरायचा आणि रात्री सगळे निजल्यावर कुरकुरायचं. मोठ्या कुटुंबातल्या थोरल्या सुना अशाच वागत.

औषध काय, तर व्यायाम. हनुवटी आत ओढायची. मग सावकाश उजवीकडे, सावकाश डावीकडे. सकाळ-संध्याकाळ दहा वेळा. डॉक्टरी सल्ल्याने नकाराचा रियाज.

महिना झाला. डोकं आता आठवड्यातून एखाद्याच रात्री उठवतं. परवा चेअरमननी फोनवर विचारलं, "यंदाही सेक्रेटरी तुम्हीच ना?" मी मान छान दोन्हीकडे वळवली. पण फोनवर मान दिसत नाही, आणि तोंडाला अजून कुणी व्यायाम दिलेला नाही.

आज सकाळी सहावी फेरी चालू असताना दारातून हिने विचारलं, "चहा टाकू?" मोजणी चुकू नये म्हणून मी बोललो नाही. मान मात्र संथपणे उजवीकडून डावीकडे गेली. ही माझ्याकडे क्षणभर कौतुकाने बघत राहिली आणि आत गेली.

दहावी फेरी संपली तेव्हा स्वयंपाकघरातून एकाच कपबशीचा आवाज आला.