पाना आणि परवाना

नळ गळायला लागला की माणसाला प्लंबर लागतो. नवा नळ घ्यायचा झाला की परवानाधारक प्लंबर. ही माणसं दोन. पहिला ‘अर्ध्या तासात आलोच’ म्हणतो आणि परवा उगवतो, पण उगवतो. त्याच्या पिशवीत पाईप-पाना, हॅक्सॉ, टेफ्लॉन टेप आणि मागच्या गिऱ्हाइकाकडून उरलेला एक एल्बो असतो, आणि तोच नेमका आपल्याकडे बसतो. दुसरा येतच नाही. त्याची सही येते.

पालिकेकडे नळजोडणीचा अर्ज करा, त्यावर या दुसऱ्याची सही हवीच. हे काही आजचं खूळ नव्हे. मुंबई महापालिकेच्या १८८८च्या कायद्यातही परवानाधारक प्लंबर आहे. आणि खरं सांगायचं तर त्यात शहाणपण आहे. आपल्या शहरांत पाणी ठरावीक तासच येतं. ते गेलं की जलवाहिनी रिकामी होते, आणि कुठे सांधा सैल असेल तर शेजारच्या गटाराचं पाणी गुपचूप आत शिरतं. दुसऱ्या दिवशी पाण्याची पहिली धार भरतो आपण आणि कावीळ होते अख्ख्या गल्लीला. रस्त्याखालच्या मोठ्या नळाला भोक पाडून फेरूल बसवणं हे एका घरापुरतं काम नाहीच. ते कोणी केलं, हे कुठेतरी लिहिलेलं असावं.

आमच्या सोसायटीच्या प्लंबरने हा परवाना काढायचं मनावर घेतलं, तेव्हा पहिला प्रश्न आला तो अनुभवाच्या दाखल्याचा. पठ्ठ्याने पंचक्रोशीतल्या मोऱ्या उपसलेल्या. सांडपाण्याच्या पाईपला किती ढाळ द्यायचा ते त्याला झोपेतून उठवून विचारा: चार इंचीला चाळीसात एक, सहा इंचीला साठात एक, नऊ इंचीला नव्वदात एक. ढाळ कमी पडला तर घाण बसते, आणि फार झाला तर पाणी पुढे पळून जातं, घाण मागे राहते. (समित्यांचंही असंच होतं, पण तो विषय वेगळा.) इतकं येऊनही दाखला कोण देणार? तर ज्याच्या सहीवर त्याने इतकी वर्षं कामं केली, तो परवानाधारक. म्हणजे ज्याने याला एकदाही काम करताना पाहिलं नव्हतं, तोच याच्या कामाचा साक्षीदार ठरला.

बरं, त्याच्याजवळ आयटीआयचं ‘नळ कारागीर’ असं छापलेलं प्रमाणपत्र तरी होतं. मुंबई-पुण्याच्या इमारतींत पाईप जोडणारी कितीतरी पोरं ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यातून येतात. तिथे ही विद्या काका पुतण्याला देतो. काका शिक्का मारत नाही, एवढीच काय ती अडचण.

अशा वेळी मला अलेक्झांडर कमिंग आठवतो. संडासाच्या भांड्याखाली पाईपला वाकवून ‘एस’चा आकार द्यावा, वाकणात थोडं पाणी कायमचं अडून राहावं आणि गटाराचा वास घरात येऊ नये, या युक्तीचं पेटंट त्याने १७७५ साली लंडनमध्ये घेतलं. आजही आपल्या मोरीतल्या ट्रॅपमध्ये जेमतेम पन्नास मिलिमीटर पाणी उभं असतं, आणि तेवढ्या पाण्याच्या जिवावर आपण दिवाणखान्यात बसून संस्कृतीवर चर्चा करतो. हा कमिंग धंद्याने घड्याळजी. आपल्याकडे अर्ज करता तर पहिल्याच खिडकीवरून परत पाठवला असता.

आमच्याला मात्र परवाना मिळाला. अनामत भरली, फोटो चिकटवले, आईने सोसायटीत पेढे वाटले. ‘आता काय बदलणार?’ मी विचारलं. ‘काका, आता सहीसाठी दुसऱ्याच्या पायऱ्या झिजवायच्या नाहीत.’ उत्तर चोख होतं. पण बदललं ते वेगळंच. आधी खिशाला पेन आलं. मग शर्टाला इस्त्री आली. पिशवी एका पोऱ्याच्या खांद्यावर गेली, आणि परवा फोन केला तर म्हणाला, ‘माणूस पाठवतो.’

त्याला नावं ठेवायचा मला हक्क नाही. गुडघाभर घाणीत उभं राहून ज्याची कंबर गेली, त्याने खुर्ची मागितली तर चुकलं कुठे? चुकतं ते आपलं. पाना धरणाऱ्याला आपण घासाघीस करून पैसे देतो आणि सही करणाऱ्याला मागेल तेवढे. मग हुशार माणूस पाना कशाला धरील?

तरी एक करा. नवी नळजोडणी घ्याल तेव्हा सहीवाल्याला प्रत्यक्ष जागेवर बोलवा. चहा पाजा, सांधा दाखवा, हवं तर सही तिथेच घ्या. मात्र हे सगळं खड्डा बुजवायच्या आधी.