जरा सोफियाला जाऊन येतो

माझे साडू युरोपातल्या निम्म्याअधिक राजधान्यांना जाऊन आलेले आहेत आणि त्यांनी त्यांतली एकही पाहिलेली नाही. हेलसिंकीचं नाव काढलं की ते म्हणतात, ‘‘वायफाय उत्तम.’’ बुखारेस्टबद्दल त्यांचं मत असं की, तिथल्या खुर्च्या जरा टणक आहेत. अथेन्सला लोक ॲक्रोपोलिस पाहायला जातात हे त्यांच्या कानावर आहे. पण त्यासाठी विमानतळाबाहेर पडायचं, म्हणजे परत येताना पुन्हा सुरक्षातपासणी, पुन्हा पट्टा काढा, पुन्हा बूट काढा. कोणी सांगितलंय?

एक सुशिक्षित, बालबच्चेवाला माणूस तीन-तीन तास उडून परदेशी जातो, तिथं विमानतळावर तासभर घुटमळतो आणि त्याच विमानानं परत येतो, तेही स्वखर्चानं आणि वर बिझनेस क्लासनं, हे मी साताऱ्याला सांगितलं तेव्हा काकू बराच वेळ विचार करत होत्या. मग हळूच म्हणाल्या, ‘‘पोलिस मागं लागलेत का रे त्यांच्या?’’

पोलिस नाही, पॉइंट मागं लागलेत. खरं म्हणजे साडूच पॉइंटांच्या मागं लागलेत. साडू लंडनला हिशेबतपासनीस आहेत. राहतात हॅरोला. आम्ही हाउन्स्लोला, म्हणजे हीथ्रोच्या इतके जवळ की अंगणात वाळत घातलेले कपडे काढताना बायकोला विमानाची चाकं मोजता येतात. त्यामुळे पहाटेचं उड्डाण असलं की साडू आदल्या रात्री आमच्याकडे मुक्कामाला. हातात एवढीशी पिशवी. ‘‘कुठं निघालात?’’ असं विचारलं की, ‘‘जरा सोफियाला जाऊन येतो.’’ कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला निघाल्यासारखा सूर.

सोफियाच का, हे समजून घ्यायचं तर थोडा हिशेब सोसावा लागेल. ब्रिटिश एअरवेजच्या योजनेत दोन प्रकारची कमाई असते. एक एव्हिओस, ती खर्च करता येते. दुसरी टियर पॉइंट. हे खर्च करता येत नाहीत, कुणाला देता येत नाहीत आणि वर्ष संपलं की खातं पुन्हा शून्यावर. त्यांचा उपयोग एकच. त्यांच्यावरून तुमचा मानपान ठरतो. लग्नात कुणाला शालजोडी, कुणाला टॉवेल-टोपी आणि कुणाला नुसताच नारळ, तसं इथं गोल्ड, सिल्व्हर आणि ब्राँझ. मार्च २०२५ पर्यंत हे पॉइंट तिकिटाच्या किमतीवर नव्हे, तर अंतर आणि वर्ग यांवर मिळत. जवळच्या उड्डाणाला स्वस्तातलं साधं तिकीट काढलं तर ५ पॉइंट. त्याच उड्डाणाला बिझनेस क्लासमध्ये ४०. आणि गाव जरा लांबचं, पण युरोपातलंच असेल तर एकदम ८०. लंडनहून सोफिया या सीमारेषेच्या जेमतेम पलीकडे पडायचं. भूगोलानं साडूंवर केलेला हा सर्वांत मोठा उपकार. सिल्व्हर कार्डाला ६०० पॉइंट लागत. सोफियाच्या चार वाऱ्या केल्या की ६४०. साध्या वर्गानं तेवढ्याच मानाला १२० उड्डाणं करावी लागली असती. साडू हे सांगतात तेव्हा त्यांनी ११२ उड्डाणांचे पैसे वाचवल्यासारखं त्यांच्या चेहऱ्यावर समाधान असतं.

पण हा झाला प्राथमिक शाळेचा अभ्यास. पुढच्या इयत्तेत इन्व्हरनेस येतं. स्कॉटलंडच्या उत्तर डोंगराळ भागातून निघणाऱ्या विमानांना प्रवासी कर लागत नाही. म्हणून लंडनला राहणारा माणूस आधी इन्व्हरनेसला जातो. तिथून सोफियाचं तिकीट काढतो, जे लंडनवरूनच जातं. म्हणजे उत्तरेकडे जाऊन, पुन्हा स्वतःच्या घरावरून उडत, तो आग्नेयेला जातो. एकदा असंच आमच्या छपरावरून जाताना त्यांनी वरून फोटो काढून बायकोला पाठवला होता. ‘तुमचे कपडे अजून दोरीवरच आहेत.’

या सगळ्याचं मूळ अमेरिकेत. तिकडे १९७८ साली सरकारनं विमानभाड्यांवरचा ताबा सोडला आणि कंपन्या गिऱ्हाइकांसाठी एकमेकींच्या झिंज्या उपटायला लागल्या. १ मे १९८१ ला अमेरिकन एअरलाइन्सनं उडालेले मैल जमा करून घेणारी योजना काढली. काही दिवसांतच युनायटेडनं काढली. लुफ्तान्साची १९९३ मध्ये आली. गिऱ्हाइकाला बांधून ठेवायला हे दोर वळले होते. पण ज्यांच्या हाती दोर आला, त्यांच्यातल्या काहींनी त्यावर कसरती सुरू केल्या.

या कसरतपटूंमधला सर्वांत थोर माणूस मैल कमवायला विमानात बसलाच नाही. डेव्हिड फिलिप्स हा कॅलिफोर्नियातला इंजिनिअर. १९९९ मध्ये एका खाद्यकंपनीनं वेष्टनं पाठवणाऱ्याला मैल द्यायचं जाहीर केलं. फिलिप्सनं दुकानं पालथी घातली तेव्हा त्याला दिसलं की पुडिंगचा कप सगळ्यांत स्वस्त पडतो. त्यानं १२,१५० कप उचलले. खर्च ३,१४० डॉलर. मैल मिळाले साडेबारा लाख. एवढी वेष्टनं सोलायची कुणी? त्यानं पुडिंग एका धर्मादाय संस्थेला दान दिलं, बदल्यात तिथल्या स्वयंसेवकांनी वेष्टनं काढून दिली. आणि दान दिलं म्हणून त्यानं आयकरात ८१५ डॉलरची सूटही घेतली. साडूंना साडेबारा लाख मैलांचं फारसं काही नाही. ८१५ डॉलरपाशी आले की त्यांचा आवाज कापतो.

एका शनिवारी मीही त्यांच्याबरोबर गेलो. कारण विशेष नव्हतं. ‘ताईचे मिस्टर बघा, कुठं कुठं जाऊन येतात’ हे वाक्य आमच्या घरात फार झालं होतं.

युरोपातला बिझनेस क्लास म्हणजे काय, हे इथं नोंदवून ठेवतो. खुर्ची तीच. गुडघ्यांपुढची जागा तीच. फक्त तिघांच्या बाकातली मधली खुर्ची रिकामी ठेवतात आणि मागं एक पडदा असतो. हा पडदा सरकता असतो. बिझनेसची तिकिटं जास्त खपली की तो मागं जातो, कमी खपली की पुढं. म्हणजे परवा जिथं सामान्य जनता होती तिथं आज अभिजन बसतात, खुर्चीला पत्ताही लागत नाही. दुपारचं उड्डाण होतं म्हणून चिनी मातीच्या बशीत छोटी सँडविचेस, स्कोन, साय आणि मुरंबा आला. मी सगळं खाल्लं. साडूंनी चहाशिवाय कशाला हात लावला नाही, कारण लाउंजमध्ये त्यांनी टोस्ट, चीज आणि टोमॅटो असं दोनदा जेवून घेतलं होतं. ‘‘लाउंज सोडून विमानात कोण जेवतं?’’ ते म्हणाले. बिझनेसच्या तिकिटावर लाउंज फुकट, हे मान्य. पण सिल्व्हर कार्ड आलं की साध्या तिकिटावरही लाउंज फुकट. म्हणजे बिझनेसची तिकिटं काढून काढून मिळवायचं काय, तर बिझनेसचं तिकीट न काढता टोस्ट खायचा हक्क. मी हे बोलून दाखवलं. साडू म्हणाले, ‘‘तुम्हाला आता जमायला लागलंय.’’

मधेच त्यांनी घड्याळ पाहिलं आणि जरा हिरमुसले. विमान वेळेवर होतं. तीन तासांचा उशीर झाला आणि चूक कंपनीची असली तर एवढ्या अंतराला कायद्यानं ३५० पौंड भरपाई मिळते. उशीर धुक्यामुळे झाला तर काही नाही. त्यामुळे बाहेर लख्ख ऊन असावं आणि विमानाचा एखादा बिनमहत्त्वाचा भाग बिघडावा, अशी त्यांची प्रार्थना असते.

सोफिया आलं. शहराच्या दक्षिणेला विटोशा पर्वत आहे, थेट वस्तीला टेकलेला. मी खिडकीला नाक लावून पाहिला आणि म्हणालो, ‘‘भाऊ, पायथ्यापर्यंत तरी जाऊ या.’’ ‘‘दिसला ना?’’ ते म्हणाले, ‘‘मग झालं.’’

पासपोर्टच्या रांगेत माझ्या लक्षात आलं की आम्ही एकटे नाही. पुढं एक टक्कल पडलेले गृहस्थ, मागं एक पन्नाशीच्या बाई. दोघांकडे सामान नाही, दोघांच्या नजरा परतीच्या फाटकाकडे. साडूंनी आणि त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. हे लोक परस्परांना ओळख देत नाहीत.

अधिकाऱ्यानं विचारलं, ‘‘किती दिवस राहणार?’’

‘‘चाळीस मिनिटं,’’ साडू म्हणाले.

‘‘कशासाठी आलात?’’

‘‘परत जायला.’’

त्यानं शेजारच्या खिडकीतल्या थोराड सहकाऱ्याला हाक मारली. सहकाऱ्यानं आमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आमच्या पिशव्या पाहिल्या आणि कंटाळलेल्या आवाजात एकच शब्द उच्चारला, ‘‘पॉइंट्स.’’ खाडकन शिक्का बसला. मग आम्ही जिना चढून वर आलो आणि बाहेर जायचा शिक्का घेतला. एकाच पानावर, एकाच तारखेचे, शेजारी शेजारी. बल्गेरियात आल्याचा पुरावा म्हणून मी गुलाबाचा मुरंबा घेतला. तिथं काझानलाकच्या खोऱ्यात गुलाबाची मोठी शेती आहे, हे त्या बाटलीवर वाचलं. माझं बल्गेरियादर्शन एवढंच. सुरक्षातपासणीत तो मुरंबा द्रवपदार्थात धरतील, असं साडूंनी मला बजावलं होतं. म्हणून तपासणी ओलांडल्यावर, फाटकाशेजारच्या दुकानातून घेतला. अशा बाबतीत माणूस फार उपयोगी आहे.

परतीच्या विमानात तीच हवाईसुंदरी दारात. आम्हाला पाहून ती काळजीनं म्हणाली, ‘‘काही विसरलं का आत?’’

‘‘हो,’’ साडू म्हणाले, ‘‘ऐंशी पॉइंट.’’

साडूंच्या शाळकरी मुलीला हे सगळं मुळीच पसंत नाही. टोस्टसाठी इतका धूर सोडायचा? साडूंचं उत्तर ठरलेलं आहे : विमान तसंही जाणारच होतं. हे उत्तर मला पटत नाही, आणि त्यांनाही पटत नसावं. कारण ते देताना ते तिच्याकडे न पाहता मोबाइलकडे पाहतात.

तरी ते लोभी आहेत असं मी म्हणणार नाही. लोभी माणसानं तो सगळा पैसा बँकेत ठेवला असता. लाउंजचाही त्यांना तसा सोस नाही. तिथं ते भिंतीकडे तोंड करून पुढच्या उड्डाणाचा तक्ता मांडतात. फ्रँकफर्टला पहिल्या वर्गासाठी २००४ पासून स्वतंत्र इमारतच आहे. तिथून मोटारीनं विमानापाशी सोडतात आणि अंघोळीच्या टबासाठी रबरी बदक देतात. ही बदकं जमवणारी मोठमोठ्या हुद्द्यांवरची माणसं आहेत. साडू त्यांना तुच्छ मानतात. ‘‘कंपनीच्या पैशानं उडतात. त्यात डोकं कुठं आलं?’’ नियमांच्या पुस्तकात नियम लिहिणाऱ्यालाही न दिसलेली एक फट शोधायची, त्यातून अलगद आत शिरायचं आणि अंगाला काही न लागता बाहेर यायचं, यात त्यांचा जीव आहे. आठवडाभर दुसऱ्यांच्या वह्यांतल्या फटी बुजवणारा माणूस शनिवारी आणखी काय करणार?

२०२४ साली तर त्यांना फार मोठा मोह झाला होता. स्कँडिनेव्हियाच्या एसएएस कंपनीनं सप्टेंबरमध्ये स्टार अलायन्स सोडून स्कायटीमशी सोयरीक केली आणि त्या आनंदात जाहीर केलं की, जो वर्षअखेरीपर्यंत या गटातल्या पंधरा कंपन्यांच्या विमानांत बसेल त्याला दहा लाख पॉइंट. साडूंचा तक्ता दोन दिवसांत तयार झाला. ताईनं तो पाहिला. त्यात लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ते जकार्ताला होते. ताईनं तक्ता घडी करून परत दिला आणि चकलीचं पीठ मळायला घेतलं. तो विषय पुन्हा निघाला नाही.

आणि मग ३० डिसेंबर २०२४ ला आकाश कोसळलं. ब्रिटिश एअरवेजनं जाहीर केलं की, एप्रिलपासून पॉइंट अंतरावर नाही, खर्चावर. एक पौंडाला एक पॉइंट. सिल्व्हरला साडेसात हजार, गोल्डला वीस हजार. सोफियाची आणि शेजारच्या गल्लीची किंमत एक झाली. फट बुजली होती. बायको म्हणाली, जाऊन भेटून यायला हवं. आम्ही गेलो. साडू सोफ्यावर बसून होते. ताईनं चहा दिला. कुणी फारसं बोलेना. निघताना मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, एवढंच.

फेब्रुवारीत त्यांचा फोन आला. आवाज तरुण झाला होता. ‘‘रावसाहेब, नवा कागद वाचलात? खर्चाची अट नको असेल तर दुसरी वाट दिलीय. वर्षात ५० उड्डाणं केली तरी सिल्व्हर!’’

‘‘मग सोफियाच्या पंचवीस वाऱ्या?’’

‘‘सोफियाला आता कोण जातं हो! अंतराला काडीची किंमत नाही. आता जवळात जवळचं गाव हवं. जर्सी आहे, ॲमस्टरडॅम आहे...’’

मी ऐकीव माहिती पुढं केली. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत वेस्ट्रेहून पापा वेस्ट्रेला विमान जातं. अंतर पावणेतीन किलोमीटर, वेळ दोन मिनिटांच्या आत. जगातलं सर्वांत छोटं नियमित उड्डाण तेच. एकदा तर ५३ सेकंदांत पोचलं होतं म्हणे. एका दुपारी निम्मं वर्ष उरकेल.

‘‘कंपनी वेगळी आहे,’’ साडू खिन्नपणे म्हणाले. ‘‘मी पहिलं तेच पाहिलं.’’

परवा ताईचा बायकोला फोन होता. तक्रार करत असेल म्हणून मी कान दिला. ताई खुशीत होती. म्हणत होती, ‘‘सोफियाला जायचे तेव्हा सगळा दिवस जायचा. हल्ली ॲमस्टरडॅमला जातात. येताना भाजी घेऊन वेळेवर जेवायला घरी असतात.’’