मुडद्याच्या शोधात गुरुजी

निवृत्त मास्तरांच्या दोन जाती. एक भजनी मंडळात शिरते, दुसरी रहस्यकथांत. पहिलीचा त्रास गावाला एकादशीपुरता, दुसरीचा बारमाही. नरखेड तालुक्यातले आमचे गुरुजी दुसऱ्या जातीचे. तरुणपण बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार या नायकावर पोसलेलं. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, पण गुरुजींना त्याही पुरल्या नाहीत. मग नागपुरात जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्यांना ब्रदर कॅडफेल सापडला.

कॅडफेल हा बाराव्या शतकातला इंग्लंडमधला साधू. तरुणपणी धर्मयुद्धात तलवार चालवलेला, उतारवयात श्रूजबरीच्या मठात औषधी झाडं लावणारा आणि मधूनमधून खुनी पकडणारा. एडिथ पार्जेटर नावाच्या बाईंनी एलिस पीटर्स या टोपणनावाने १९७७ ते १९९४ या काळात त्याच्यावर २० कादंबऱ्या लिहिल्या. गुरुजींनी शब्दकोश मांडीवर घेऊन त्या फस्त केल्या आणि श्रूजबरी म्हणजे नरखेडच, असा निकाल दिला. तिकडे सेव्हर्न, इकडे वर्धा. तिकडे हद्दीपलीकडे वेल्स, इकडे पांढुर्णा. तिकडे गादीसाठी स्टीफन आणि मॉड यांची लढाई, इकडे सोसायटीची निवडणूक.

अडचण एकच, मुडद्यांची. श्रूजबरीत कथेतल्या आठेक वर्षांत २० पुस्तकं भरली. इथले लोक दवाखान्यात, नातेवाइकांच्या देखत, रीतसर मरतात.

म्हणून गुरुजी संत्र्याच्या झाडांवर घसरले. वाळत चाललेलं झाड दिसलं की भिंग काढून बुंध्याशी उकिडवे बसतात. साल फाटून डिंक ओघळतोय, म्हणजे डिंक्या. आरोपी बुरशी, साथीदार बुंध्याशी साचलेलं पाणी, आणि आसरा देणारा खुद्द बागायतदार. निदान बरोबर असतं, हे कबूल केलं पाहिजे. पण ‘मोरचूद-चुन्याचं बोर्डो लावा’ एवढं सांगून उठावं, तर हे बागेतल्या गड्याला विचारतात, ‘परवा रात्री तू कुठं होतास?’

घरीही तीच तऱ्हा. एका कादंबरीत सांधेदुखीवर चोळायचं, बचनागाच्या जातीच्या मुळीचं तेल जेवणात मिसळून खून होतो. ती वाचल्यापासून गुरुजी गुडघ्याच्या तेलाची बाटली आधी हुंगतात. काकू म्हणाल्या, ‘माह्या हातचं खाऊन इतके वर्सं जगले ना? मंग लावा गुमान.’

मागे एका विहिरीवरची मोटरची केबल चोरीला गेली. गुरुजींनी चिखलातले ठसे सुतळीने मोजले, तीन संशयितांची यादी केली आणि चहाच्या टपरीवर ती गंभीर आवाजात वाचली. टपरीवाला कप विसळत म्हणाला, ‘कोनं नेली ते सगळ्याइले मालूम हाय, गुरुजी. पन सांगन कोन? त्याच्या पुतन्याले आपल्या गावची पोरगी देली हाय.’ खेड्यात रहस्यकथा रुजत नाही ती यामुळे. खुनी पहिल्याच पानावर ठाऊक असतो, उरलेली दोनशे पानं सगळे गप्प बसतात.

आता गुरुजींनी स्वतःच मालिका लिहायला घेतलीय. नायक यादवकाळातला महानुभाव साधू. स्फूर्ती वर्धेपलीकडच्या रिद्धपूरची, जिथे लीळाचरित्र लिहिलं गेलं. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या आठवणी माणसं गाठून, विचारून, नागदेवाचार्यांकडून पडताळून लीळाचरित्रासाठी जमवल्या. गुरुजींच्या मते हा तपासच. शिवाय पंथाच्या पोथ्या पुढे सांकेतिक लिपीत गेल्या आणि त्यांची किल्ली इतिहासाचार्य राजवाड्यांनी शोधली, म्हणजे मसाला तयार. फक्त महानुभावांची अहिंसा कडक आणि एका गावी फार दिवस राहायचं नाही हा दंडक, त्यामुळे तपास रंगात येतो न येतो तोच गुरुजींचा नायक झोळी उचलून पुढच्या गावी निघतो.

पहिलं प्रकरण पारावर वाचून झालं. खुनी आपल्या आळीतला नको, असं प्रत्येकाने बजावलं. मरायला मात्र तिघं तयार आहेत, पुस्तकात फोटो येणार असेल तर.