लिंकवाले भाऊ

सुरतजवळच्या हजीऱ्यात पोलाद तयार होतं, खत तयार होतं, समुद्रातून आलेला वायू शुद्ध होतो, बंदराला जहाजं लागतात. या सगळ्याची ने-आण करणाऱ्या ट्रकांची वजनं मात्र कुठल्यातरी काट्यावरच्या मळकट कॉम्प्युटरात जमा होतात. तो कॉम्प्युटर रुसला, की ड्रायव्हर, क्लीनर आणि मॅनेजर एकाच माणसाच्या नावाने हाका मारतात. हे लिंकवाले भाऊ. गाव अमळनेर नाहीतर शहाद्याकडचं, बिऱ्हाड उधना किंवा डिंडोलीत, डब्यात शेवभाजी, हुद्दा बिलिंग क्लार्क.

कॉम्प्युटरची पदवी नसलेल्या भाऊंनी कधीकाळी ॲक्सेस या डेटाबेस-सॉफ्टवेअरमध्ये काटा-चलनाची फाइल बांधली. टेबलं सर्व्हरवर, फॉर्म ज्याच्या त्याच्या मशीनवर, मध्ये लिंक. ‘हमणां चलावी लो,’ शेठ म्हणाले होते. ते ‘हमणां’ अजून चालूच आहे.

‘भाऊ, फाइल खुलती नथी!’ अशी आरोळी आली, तरी भाऊ आधी चहा संपवतात. मग कीबोर्डला हातही न लावता विचारतात, ‘काल कोणी काय आवरलं?’

प्रश्न अचूक असतो. लिंक बिचारी टेबलाचा अख्खा पत्ता पाठ करून बसलेली असते. कोणीतरी ‘डेटा’ या फोल्डरचं ‘डेटा नवीन’ असं बारसं केलं, की ती जुन्याच दारावर थापा मारत राहते. त्यात काट्यावरच्या मशीनवर सर्व्हरचा ड्राइव्ह ‘झेड’, अकाउंट्समध्ये ‘वाय’. ड्राइव्हचं अक्षर नको, सर्व्हरचं पूर्ण नाव घालून लिंक करा, हे भाऊंनी सगळ्यांना पटवलेलं आहे. पटलेलंही आहे. फक्त करत कोणी नाही. नीटनेटक्या माणसांची भाऊंना मनापासून भीती वाटते. दिवाळीच्या साफसफाईच्या आठवड्यात ते रजा घेत नाहीत.

फाइल उघडली, की तिच्या शेजारी एक छोटी कुलूप-फाइल जन्माला येते. सगळे बाहेर पडले, की ती आपोआप नाहीशी होते. झाली नाही, तर बहुधा आत कोणीतरी आहे. भाऊ ती नोटपॅडमध्ये उघडून मशीनची नावं वाचतात. इथे त्यांची मुत्सद्देगिरी पाहावी. फाइल उघडी ठेवून जेवायला गेलेलं मशीन खुद्द साहेबांचं निघतं. ‘साहेब, तुमच्या मशीनला जरा आराम देऊ,’ एवढंच म्हणून भाऊ रीस्टार्ट दाबतात. बाहेर येऊन सांगतात, ‘व्हायरस होता.’

खरी परीक्षा फाइल फुगल्यावर. ॲक्सेसची मर्यादा 2 जीबी. ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ करायचं, तर सगळ्यांनी बाहेर पडावं लागतं. हजीऱ्यातली माणसं भोंगा वाजला की मॉक ड्रिलला शिस्तीत रांगा लावून उभी राहतात. पण भाऊंनी ‘बाहेर पडा’ म्हटलं, की प्रत्येकाचं एक चलन बाकी असतं. त्यातच कोणी हुशार कॅन्टीनमधून वायफायवर फाइल उघडतो, मधेच सिग्नल जातो आणि अर्धवट लिहिलेली नोंद फाइलचा मुडदा पाडते. मग भाऊंच्या खिशातून गणपतीच्या कीचेनचा पेनड्राइव्ह निघतो. कालपर्यंतची वजनं परत येतात, आजच्या चलनांचा गठ्ठा पुन्हा टाइप होतो. अशा वेळी भाऊ कोणाला ओरडत नाहीत. ‘वायर कशाला असते, भाई?’ एवढंच विचारतात.

मोठं सॉफ्टवेअर आणू, असं शेठ दर एप्रिलात म्हणतात. डेमोला टाय लावलेली मुलं येतात, खमण खातात आणि जाताना जुना डेटा भाऊंकडेच मागतात.

परवा पुतण्याच्या लग्नासाठी भाऊ भुसावळकडची गाडी धरून निघाले. नवापूरला फोन वाजला. हे स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. भाऊंच्या फाइलसारखंच, धड इकडे ना धड तिकडे. पलीकडून तीच आरोळी. भाऊंनीही तोच प्रश्न टाकला, ‘काल कोणी काय आवरलं?’

बराच वेळ आवाज नाही.

‘भाऊ, तुमचं टेबल. खाली धूळ खात एक डबी पडली होती, हिरवे दिवे लुकलुकत होते. तुम्ही गावाला गेलात म्हटल्यावर वीज कशाला जाळायची?’